केळशीचा किब्ला

"गवंड्याचं नाव काय होतं?" कमरुद्दीनमामूंनी विचारलं.

१९६६चा मार्च होता. शारजात रोल्लाच्या वडापासून हाकेच्या अंतरावर आमची एक खोली होती. तिच्या उंबऱ्याबाहेर मामू बसले होते. आत मी, माझ्या मांडीवर सहा महिन्यांचा इद्रीस आणि हातात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. इंग्लंडमधल्या एका कॅथिड्रलचा, म्हणजे बिशपच्या मोठ्या चर्चचा, आणि त्याला लागून असलेल्या मठाचा तो इतिहास होता. नऊशे वर्षांपूर्वी पाया घातला तिथपासूनचा. मी एक प्रकरण वाचून मराठीत सांगितलं होतं.

"नाव दिलेलं नाही, मामू."

"चार बिशप झाले, दोन राजे झाले. दगड काय बिशपांनी उचलले?"

शेजारच्या मरियमबी भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. यूनुस, माझे यजमान, शुक्रवारी दुपारी झोपायचे. परका माणूस पुस्तक ऐकायला येतो तर मी एकटी नको, म्हणून मरियमबी दर शुक्रवारी येऊन बसायच्या. त्या म्हणाल्या, "तू पण बांधतोयस ना पाद्र्याचं चर्च? उद्या तुझं तरी नाव कोण लिहिणार आहे?"

"नको लिहायला. माझी दोरी सरळ आहे, एवढं बस."

यात बढाई नव्हती. केळशीपासून हर्णैपर्यंत कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं. कमरुद्दीन इब्राहिमच्या घरात तीन पिढ्या जांभ्या दगडाचं काम. आजोबांनी विहिरी बांधल्या, वडिलांनी मशिदी. मामूंना घर, गोठा, पूल काहीही सांगा, सकाळी एक डोळा मिटून भिंतीच्या कडेनं नजर टाकत आणि "दोन सूत बाहेर आहे" म्हणत. ओळंबा सोडला की खरंच दोन सूत निघायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. असा माणूस १९६१ साली बोटीनं दुबईत उतरला आणि तिथून शारजाला खैरुद्दीनशेठकडे आला. शेठ म्हसळ्याचे, बांधकामाचे कंत्राटदार. यूनुस त्यांच्याकडेच क्लार्क होते, त्यामुळे मामूंची आणि आमची ओळख झाली.

आम्ही मराठी बोलणारी चारच बिऱ्हाडं होतो तिथे. नवं लग्न, नवा मुलूख, तान्हं मूल, आणि उन्हाळा असा की पाण्याच्या डब्याला हात लावला तर चटका बसावा. मी दिवसातून दहा वेळा इद्रीसच्या कपाळाला हात लावून बघायची. मामू हसायचे. "सारखी हात लावून पोराचं डोकं झिजवशील, साजिदा. थोडा वेळ रडू दे. रडणाऱ्याचा छातीचा भाता चांगला चालतो."

मामू तेव्हा ज्या कामावर होते ते एका पाद्र्याचं होतं. फादर विल्फ्रेड पन्नाशीचे, काटकुळे. पूर्वी पुण्याच्या छावणीत काही वर्षं होते, म्हणून मोडकंतोडकं हिंदी बोलायचे. त्यांच्याबरोबर दोन ब्रदर होते, ते दवाखाना चालवायचे. मीही इद्रीसला घामोळं आलं, ताप आला, नुसती शंका आली तरी तिथेच पळायची. दवाखान्याच्या आतल्या सावलीत पुरुष बसलेले असायचे, आम्ही बायका पोरांना पदराखाली घेऊन दाराबाहेर उन्हात उभ्या. मामू वाळूच्या ढिगाऱ्यावरून आम्हाला बघायचे आणि एखादं रिकामं पोतं काठीवर टाकून आडोसा करून द्यायचे.

फादरना तिथे तीन गोष्टी बांधायच्या होत्या. राहायला एक छोटा मठ आणि त्यातच दवाखाना, त्याच्या उत्तरेला एक चर्च, आणि दोन्हींच्या मध्ये चौकोनी अंगण, त्याला चारही बाजूंनी छपराची ओसरी. मठ आधी झाला. त्याची आखणी बहारीनहून आलेल्या सर्व्हेयरनं दुर्बीण लावून केली होती. चर्चच्या वेळी तो सर्व्हेयर आलाच नाही, तेव्हा शेठ मामूंना म्हणाले, "तू आख. मशिदी आखतोस, मग हे काय वेगळं?"

१९६५च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मामूंनी दोरी लावली. फादरनी एकच गोष्ट सांगितली होती. चर्चचं वेदीचं टोक पूर्वेला पाहिजे.

ओसरी कशासाठी, हे मामूंना कळेना. त्यांनी फादरना विचारलं, तर फादर म्हणाले, "बारिश में घूमने के लिए."

"साहब, यहाँ बारिश कहाँ?"

फादर आभाळाकडे बघून म्हणाले, "तो धूप में घूमेंगे." आणि दुसऱ्या दिवशी ते पुस्तक मामूंच्या हातात ठेवलं. त्यांच्या गावचं कॅथिड्रल. लहानपणी ते त्याच मठाच्या अंगणात खेळलेले. मामूंचं शिक्षण मराठी चौथी. पुस्तक आमच्या यूनुसकडे आलं आणि यूनुसनी ते माझ्याकडे ढकललं. मी रत्नागिरीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. केलं होतं आणि ते बी.ए. ट्रंकेत पडून होतं.

तसे ते शुक्रवार सुरू झाले.

मामू गोष्ट ऐकायला येत नव्हते, साइट बघायला यायचे. मी वाचलं की नदीच्या बेटावर दहा साधू आले आणि त्यांनी लाकडाचं देऊळ बांधलं, की ते विचारत, "पाया काय? बेटावर म्हणजे दलदल असणार." पुढच्या पानावर खरंच लिहिलेलं असायचं की ओकची झाडं आडवी टाकून त्यावर पाया रचला. मामू मांडीवर थाप मारायचे. मधला मनोरा एका पहाटे प्रार्थना संपल्यावर कोसळला, हे ऐकून त्यांनी शेजारच्या भिंतीला तळवा टेकवला. मग म्हणाले, "आधी आवाज झाला असेल. दगड सांगतो. कुणी ऐकलं नसेल." साथीत गावातले निम्मे गवंडी मेले आणि साठ वर्षं कॅथिड्रलला अर्ध्या भागावर छप्परच नव्हतं, हे मी वाचलं. मामू म्हणाले, "साठ वर्षं! म्हणजे ज्यानं भिंत सोडली त्याच्या नातवानं ती पुढे नेली."

शेवटी राजानं मठ बंद केला, साधूंना हाकललं आणि गावकऱ्यांनी मठाचे दगड नेऊन गोठे बांधले, तेव्हा मरियमबींनी मान हलवली. "बाणकोटच्या किल्ल्याचं काय केलं आपल्या लोकांनी? माझ्या माहेरच्या गोठ्याची पायरी तिकडचीच."

आणि एक चित्र. दगडांवर कोरलेल्या खुणा होत्या, कुठे बाण, कुठे माशाचा सांगाडा, कुठे नुसता चौकोन. प्रत्येक गवंड्याची स्वतःची खूण. मामूंनी ते पान दोन्ही हातांत धरलं. "ही त्यांची नावं," ते म्हणाले. "बिशपच्या पुस्तकात नाही मिळाली, म्हणून दगडावर टाकली." खिशातून पेन्सिल काढून त्यांनी एकेक खूण आपल्या वहीत उतरवून घेतली.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी आम्ही नकाशाच्या पानावर आलो. कॅथिड्रल वरून पाहिलं तर कसं दिसेल, तसा तो नकाशा होता. मी बघत राहिले. "मामू, हे सरळ नाही. पुढचा भाग मागच्या भागापासून जरा वळलाय. मान कलवल्यासारखा."

त्यांनी पुस्तक फिरवून फिरवून पाहिलं. बंद केलं.

"छापणाऱ्यानं वाकडं छापलंय."

"नाही, खाली लिहिलंय की—"

"बाय, एवढे मोठे दगड रचणारे लोक दोरी चुकतील? यल्ला, पुढचं वाच."

मी पुढचं वाचलं.

ते वर्ष असंच गेलं. चर्चच्या भिंती छातीपर्यंत आल्या, मग डोक्यापर्यंत, मग खिडक्यांच्या कमानी बसल्या. समुद्रातून काढलेला सच्छिद्र दगड मामू आधी महिनाभर उन्हात टाकून, गोड्या पाण्यानं धुऊन मगच वापरायचे. शेठ पाण्याच्या पिंपांवरून ओरडायचे. मामू म्हणायचे, "मीठ आत राहिलं तर भिंत तुमचं नाव घेत गळेल." अंगणाच्या जागेत सगळा पसारा, म्हणजे वाळूचे ढीग, ब्लॉकच्या चळती, आफ्रिकेहून गलबतातून आलेल्या चंदलाच्या, म्हणजे खारफुटीच्या लाकडाच्या, बल्ल्या. मठ पसाऱ्याच्या एका बाजूला, चर्च दुसऱ्या. मधून आरपार नजर जाईल अशी जागाच नव्हती.

१९६७च्या जानेवारीत, ईद होऊन आठवडा झाल्यावर, तो पसारा हलवला आणि ओसरीची आखणी सुरू झाली. यूनुस तेव्हा वही घेऊन तिथेच होते. त्यांनी संध्याकाळी मला सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांचा घास तसाच ताटात राहिला.

मामूंनी पूर्वेच्या टोकाला मठाच्या भिंतीपासून चर्चच्या भिंतीपर्यंत फीत लावली. अडतीस फूट. मग पश्चिमेच्या टोकाला. बेचाळीस फूट तीन इंच.

ते म्हणाले, "फीत ताणली गेलीय." दुसरी आणवली. बेचाळीस फूट तीन इंच. मग दोरीला गाठी मारून मठाचा काटकोन तपासला. मठ चोख होता. मग चर्चच्या अठ्ठेचाळीस फुटी भिंतीला गाल लावून, एक डोळा मिटून पाहिलं. भिंत सुतासारखी सरळ होती. फक्त ती दुसरीकडेच चालली होती.

मामूंनी कमरेच्या पिशवीतून एक डबी काढली. पितळेची, चुन्याच्या डबीएवढी. त्यांच्या वडिलांचं होकायंत्र. झाकणाच्या आत कानशीनं घासून केलेली एक खूण होती. सुई उत्तरेला आली की ती खूण किब्ल्याकडे बघते, मक्केच्या दिशेला. त्या खुणेवर वडिलांनी सात गावांच्या मशिदी आखल्या, मामूंनी चार. आमच्या कोकणात पश्चिम म्हणजे किब्ला आणि किब्ला म्हणजे पश्चिम. समुद्र तिकडेच, सूर्य बुडतो तिकडेच, नमाजाचं तोंडही तिकडेच. बोलताना कुणी फरक करतच नाही. पण मक्का केळशीच्या अगदी नाकासमोर पश्चिमेला नाही, जराशी उत्तरेकडे आहे. वडिलांची खूण त्या जराशा फरकासकट होती. फादर म्हणाले पूर्व पाहिजे, तेव्हा मामूंनी डबी उघडली, खुणेवरून पश्चिम धरली आणि तिच्या बरोबर उलट दिशेला दोरी ओढली. शारजाच्या वाळूत, पाद्र्याच्या चर्चला त्यांनी केळशीच्या मशिदीचा किब्ला दिला होता. अठ्ठेचाळीस फुटांत सव्वाचार फूट.

खैरुद्दीनशेठ आले. ऐकलं. चष्मा पुसला. मग मामूंना बाजूला नेलं, पण शेठचा आवाज बाजूला राहणारा नव्हता.

"पश्चिमेच्या कोपऱ्यात एक स्टोअररूम काढ. तिरकी भिंत आत गडप. पाद्री काय फीत घेऊन फिरतो?"

"फिरत नाही. म्हणूनच सांगायला हवं."

"कमरुद्दीन, सांगितलंस तर भिंत पाडायला लावेल. त्याचं नुकसान मी सोसेन एक वेळ, पण दुबईपर्यंत बोभाटा होईल की खैरुद्दीनच्या माणसाला पूर्व-पश्चिम कळत नाही. मग तू पुढच्या बोटीत. खलास."

मामूंनी डबी बंद केली आणि थेट फादरकडे गेले.

फादरनी ऐकून घेतलं आणि भिंतीच्या कडेनं पावलं मोजत एक फेरी मारली. परत येऊन त्यांनी विचारलं, "दोरी कौन दिन लगाया था?" मामूंनी तारीख सांगितली. फादरचा चेहरा उजळला. जुन्या काळी कित्येक चर्चं पायाच्या दिवशी सूर्य जिथे उगवला तिकडे तोंड करून आखत, असं म्हणतात, ते म्हणाले. ऑक्टोबरात सूर्य पूर्वेच्या जरा दक्षिणेला उगवतो. तेच लिहून टाकू. बहारीनला आपले वरिष्ठ आहेत, त्यांना समजेल.

"नहीं, साहब," मामू म्हणाले. "सूरज देख के नहीं लगाया. बाप का निशान देख के लगाया. जो किया नहीं, वो मत लिखो."

फादरनी पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले की असं असेल तर बहारीनला जसं आहे तसं लिहावं लागेल. ते कदाचित एक भिंत उतरवायला सांगतील. पत्र गुरुवारच्या विमानानं जाईल. तोवर काही सुचलं तर सांग.

तो सोमवार होता.

मंगळवारी मामू आले ते शुक्रवार नसताना, भर दुपारी. मरियमबींना मीच हाक मारली. मामू उंबऱ्याशी बसले, पाणी घेतलं, आणि म्हणाले, "आधी एक पत्र लिही. तुझ्या मामीला, नूरजहाँला लिही की शिमग्याच्या आत घरी पोचेन. कारण लिहू नकोस. कारण मी समोर सांगेन."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. गावी एक गोष्ट त्यांच्याआधी पोचणार होती आणि ती कोणती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. कमरुद्दीनची दोरी चुकली. पुढचा चौथरा कुणी त्यांना आखायला दिला नसता.

"आता ते पान काढ," मामू म्हणाले. "मान कलवलेलं."

मी काढलं.

"त्या छापणाऱ्याची माफी मागतो. खाली काय लिहिलंय ते आता वाच."

मी वाचलं. पहिल्या पिढीच्या गवंड्यांनी एक रेषा धरली होती. शंभर वर्षांनी दुसरे आले, त्यांनी नवी रेषा धरली. दोन्ही जिथे भेटल्या तिथे फरक निघाला. त्यांनी पाडलं काहीच नाही. मधल्या सात कमानी अशा बांधल्या की प्रत्येक कमान आधीच्या कमानीपेक्षा थोडी वेगळी, आणि चालणाऱ्याला वळण पायाला कळत नाही. सातही कमानींची मापं फूट-इंचांत दिली होती. मामूंनी ती मला तीनदा वाचायला लावली. तिसऱ्या वेळी त्यांनी हात वर केला.

"म्हणजे सगळी चूक एका जागी नाही ठेवली. वाटून टाकली."

ते उठले, इकडेतिकडे पाहिलं आणि शेजारच्या दाराशी ठेवलेला मरियमबींचा खराटा उचलला. नारळाच्या हिरांचा, खास गावाहून आणलेला.

"अरे, अरे! कुठे नेतोयस?"

"नेत नाही. इथेच मोडतोय."

"कमऱ्या! दोन वर्षं जपलाय मी तो!"

पण हीर मोडायला सुरुवात झाली होती. मामूंनी फरशीवर खडूनं दोन रेषा मारल्या. एक चर्चची भिंत, तिरकी. दुसरी ओसरीच्या कमानींची, मठाला समांतर, सरळ. दोन रेषांमध्ये पूर्वेला सहा फुटांची जागा, पश्चिमेला दहा फूट तीन इंचांची, सगळं बोटांच्या मापात. मग ते हीर एकेक आडवे ठेवू लागले. हीर म्हणजे छपराच्या चंदलाच्या बल्ल्या. दर दोन फुटांना एक. पहिला आखूड, दुसरा किंचित लांब, तिसरा त्याहून.

"अंगण चौकोनीच राहील," ते जमिनीकडे बघत बोलत होते, आम्हाला की स्वतःला कोण जाणे. "कमानी सारख्याच राहतील. फक्त ओसरी रुंदावत जाईल. सव्वाचार फूट म्हणजे एक्कावन्न इंच. चोवीस अंतरं. साजिदा, एक्कावन्नाला चोवीसनं भाग."

"दोन, आणि उरले तीन. म्हणजे दोन आणि एक अष्टमांश."

"दोन इंच एक सूत." त्यांनी डोळे मिटले. "प्रत्येक चंदल आधीच्यापेक्षा दोन इंच एक सूत लांब. बस. आणि भिंतीत टेकायला हातभर धरलं तरी सगळ्यात लांब बल्ली पुरते. आणखी वीतभर चुकलो असतो तर पुरली नसती."

मरियमबी आता खराट्याचा राग विसरून जवळ आल्या होत्या. पश्चिमेच्या रुंद टोकावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे एवढी जागा कशाला? पाद्री नाचणार आहे?"

मामूंनी माझ्याकडे पाहिलं, मग इद्रीसकडे. "दवाखान्याचं दार या टोकाला आहे. इथे भिंतीलगत दगडी बाकडं घालतो. बायका पोरं घेऊन उन्हात उभ्या राहतात ते बंद."

गुरुवारी सकाळी ते फळीवर जिप्समच्या गाऱ्यात रोवलेले पंचवीस हीर घेऊन फादरसमोर उभे राहिले. शेठही होते, पाठीमागे हात बांधून. फादरनी गुडघे टेकून, डोळा फळीच्या पातळीला आणून रुंद टोकाकडून आत पाहिलं. मग उठून अरुंद टोकाकडून पाहिलं. पुन्हा रुंद टोकाकडे आले. "लंबा दिखता है," ते म्हणाले. "बहुत लंबा." आत जाता जाता ओसरी निमुळती होत होती, त्यामुळे अठ्ठेचाळीस फुटांची वाट त्याच्या दुप्पट भासत होती. ते हळू आवाजात म्हणाले, "मेरे गाँव जैसा."

बहारीनला पत्र गेलं, त्यात चूक होती तशी लिहिली होती, आणि उपायाचा नकाशाही होता. महिन्याभरानं होकार आला.

शेठ मामूंना म्हणाले, "पाद्र्यानं माफ केलं. मी नाही. रमजानपर्यंत ओसरी उभी राहिली नाही तर बोट आहेच."

"रमजान डिसेंबरात आहे, शेठ. जूनला घ्या."

नूरजहाँमामीचं पत्र मी टाकलं नव्हतं. पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. मामूंना सांगितलं तेव्हा रागावतील असं वाटलं. त्यांनी ते माझ्याकडून घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चंदलांची यादी केली.

चंदल काही कारखान्यातून निघत नाहीत. एक वाकडा, एक गाठाळ, एक मध्येच जाडा. पंचवीस बल्ल्या निवडायला मामूंनी दोनशे उलथ्यापालथ्या केल्या. प्रत्येकीवर कोळशानं आकडा घातला, कापायच्या आधी तीनदा मापलं, आणि एकदाही कुणा दुसऱ्याच्या हातात करवत दिली नाही. जूनमध्ये ओसरीवर छप्पर आलं. जूनच्या त्या उन्हात पहिल्यांदा मी इद्रीसला घेऊन दगडी बाकड्यावर बसले. त्याला साधी सर्दी होती. ब्रदर म्हणाले, काही नाही, घरी जा. मी तरी बसून राहिले, सावलीत. आज तो इद्रीस आखातातल्याच मुसफ्फ्याच्या एका साइटवर इंजिनिअर आहे. फोन केला की "अम्मी, आय ॲम फाइन" म्हणतो आणि ठेवून देतो. काल त्याला ही गोष्ट सांगायला घेतली, तर साइटवरून कुणी तरी हाक मारली. म्हणून लिहून ठेवते आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चर्च उघडलं. बरोबर दोन वर्षांनी. फादरनी कामावरच्या सगळ्यांना सूर्योदयाच्या आधी बोलावलं होतं. आम्ही मुसलमान माणसं दाराबाहेर पश्चिमेच्या पायरीवर उभे राहिलो, मरियमबी नाकाला पदर लावून. उजेड वाढत गेला आणि एका क्षणी समोरच्या पूर्वेच्या खिडकीतून सूर्य सरळ आत आला, मधल्या वाटेवरून, कुठेही न कलता, थेट आमच्या पायांपर्यंत.

यूनुसनी मामूंना कोपरानं ढोसलं. "मामू, बघा! सूर्यानं तुमची बाजू घेतली."

"सूर्य रोज कुठे ना कुठे उगवतो," मामू म्हणाले. पण ते बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत उभे होते.

मग आम्ही ओसरीत गेलो आणि फादर तिथे आले, काखेत एक मोठी नोंदवही घेऊन. चर्चचं रजिस्टर. पहिल्या पानावर कुणी जागा दिली, कुणी पैसे दिले, कुणी आशीर्वाद दिला ते लिहिलेलं होतं. फादर म्हणाले, "कमरुद्दीन, किताब में गवंडी का नाम नहीं था. इस में रहेगा." मामूंनी मला विचारलेला प्रश्न कधी तरी त्यांनी फादरनाही विचारला असणार.

मामूंनी मान हलवली. "नाम लिखो तो गलती भी लिखो."

शेठ पुटपुटले, "आता हे काय नवीन?"

"तीनशे वर्षांनी कुणी फीत लावील, शेठ. त्याला कळू दे की छापणाऱ्यानं वाकडं छापलेलं नाही."

फादरनी दगडी बाकड्यावर बसून लिहिलं, आणि वही माझ्याकडे दिली. मी मराठीत वाचलं. 'हे चर्च आणि ही ओसरी केळशीच्या कमरुद्दीन इब्राहिम या गवंड्यानं बांधली. चर्चची रेषा सव्वाचार फूट चुकली. ही चूक त्यानं स्वतः मोजली, स्वतः येऊन सांगितली आणि ओसरीच्या पंचवीस बल्ल्यांत वाटून टाकली.'

मरियमबी रुंद कोपऱ्यात ऐसपैस बसल्या होत्या. त्यांनी पाय आणखी लांब केले आणि म्हणाल्या, "चुकायचं तर असं चुकावं. माझा खराटा तेवढा लिहायचा राहिला."

मामू मात्र माझ्या हातातल्या वहीवर वाकले होते. त्यांना त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं.

"पंचवीस कुठे लिहिलंय?"

मी बोट ठेवलं.

"ते चुकलंय. बल्ल्या पंचवीस, पण वाटणी अंतरांत होते. साहब को बोल, चोवीस अंतरं कर."

फादरनी 'पंचवीस बल्ल्यांत' खोडलं आणि वर 'चोवीस अंतरांत' लिहिलं.